बीबीघरचा सूड

पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवरून ग्रॅनडा टेलिव्हिजनने काढलेली 'द ज्युएल इन द क्राउन' ही मालिका ९ जानेवारी १९८४ रोजी ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झाली. भाग चौदा. पटकथा केन टेलरची, दिग्दर्शन ख्रिस्तोफर मोराहन आणि जिम ओब्रायन यांचं. स्कॉट १९७८ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याला ती पाहायला मिळाली नाही. 'गांधी', 'हीट अँड डस्ट', 'अ पॅसेज टू इंडिया' हे चित्रपट आगेमागे त्याच दोन-तीन वर्षांतले. राजवटीच्या आठवणी उगाळण्याच्या त्या लाटेतली आणखी एक मालिका, असं म्हणून आपल्याकडे ती बाजूला सारली जाते. मला ते मान्य नाही. उदयपूर, सिमला, काश्मीर, म्हैसूर इथलं देखणं चित्रण तिच्यात आहे, पण तिच्या पोटात एका पोलीस अधिकाऱ्याने उगवलेला सूड आहे आणि तो सूड राज्यकारभाराच्या यंत्रणेतून कसा बेमालूम पार पडतो हे तिने दाखवलं आहे.

कथा सुरू होते ते मायापूर गाव काल्पनिक, काळ मात्र खरा. मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला त्याच्या दुसऱ्या रात्री, ९ ऑगस्ट १९४२ ला, इंग्रज तरुणी डॅफ्नी मॅनर्स आणि तिचा हिंदी प्रियकर हरि कुमार बीबीघर बागेत भेटतात. हरि दोन वर्षांचा असल्यापासून इंग्लंडमध्ये वाढलेला, चिलिंगबरो या बड्या शाळेत 'हॅरी कूमर' म्हणून शिकलेला. वडिलांचं दिवाळं निघून ते गेले आणि पोरका हरि मायापूरला आत्याच्या दारी येऊन पडला. गोऱ्यांच्या क्लबात त्याला जागा नाही आणि गावात त्याची भाषा कुणाला आपली वाटत नाही. त्या रात्री टोळकं येतं, हरीला बांधून घालतं आणि डॅफ्नीवर बलात्कार होतो. डॅफ्नी हरीकडून वचन घेते: तू तिथे नव्हतास, काही झालं तरी बोलायचं नाही.

जिल्ह्याचा पोलीस अधिकारी रोनाल्ड मेरिक हरीला उचलतो. मेरिकने डॅफ्नीला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता, एवढंच कारण असतं तर ही नेहमीची प्रेमत्रिकोणाची गोष्ट झाली असती. पण मेरिक सामान्य घरातला, साध्या शाळेत शिकलेला. त्याच्यासमोर उभा असलेला काळा माणूस त्याच्याहून वरच्या थरातलं इंग्रजी बोलतो. मेरिकने हरीला पहिल्यांदा पाहिलं ते सिस्टर लुडमिलाच्या आश्रमात, सकाळी नळाखाली तोंड धुताना. द्वेषाला सुरुवात तिथे होते, आणि त्यात आकर्षणही मिसळलेलं आहे. मेरिकच्या भूमिकेत टिम पिगॉट-स्मिथने हे सगळं आवाज न चढवता उभं केलं आहे. डॅफ्नीची सायकल हरीच्या घरापाशी सापडते, म्हणजे ती तिथे ठेवलेली असते. पुरावा मिळत नाही म्हटल्यावर भारत संरक्षण नियमांखाली हरीला विनाचौकशी डांबलं जातं. सुडाला कायद्याचा कागद मिळतो.

मालिकेचा खरा कळस तिसऱ्या भागात, कंडीपत तुरुंगातल्या चौकशीत आहे. एक खोली, टेबल, चौकशी करणारा कॅप्टन रोवन आणि कैदी. जाळीआड डॅफ्नीची काकू लेडी मॅनर्स बसलेली, हरीला दिसणार नाही अशी. हरि आधी काहीच बोलत नाही. मग त्या घडीदार इंग्रजीत मेरिकने त्याला कसं बांधलं, वेतांनी कसं मारलं, अंगाला कसा हात लावला, हे तो सांगतो. हरीची भूमिका करणारा आर्ट मलिक स्वतः बहावलपूरला जन्मलेला आणि लहानपणीच लंडनला गेलेला. या प्रसंगात तो हातवारे करत नाही, चेहराही फारसा हलू देत नाही. मुलीला जन्म देताना डॅफ्नी गेली, हे हरीला त्या खोलीतच कळतं. वचन मात्र तो तरीही मोडत नाही. प्रेम या कथेत इतकंच उरतं: बोललं तर सुटका आहे आणि तरी न बोलणं.

बीबीघर हे नाव स्कॉटने सहज घेतलेलं नाही. जुलै १८५७ मध्ये कानपूरच्या बीबीघरात इंग्रज स्त्रिया आणि मुलं मारली गेली. इंग्रजांनी त्याचं खापर नानासाहेब पेशव्यांवर फोडलं. प्रत्यक्ष हुकूम कुणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. नंतर तिथे आलेल्या जनरल नीलने फाशी जाणाऱ्यांना आधी ते रक्त साफ करायला लावलं. १९१९ मध्ये अमृतसरला मिस शेरवुड या मिशनरी बाईंवर हल्ला झाला, तर डायरने त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाला सरपटत जायची सक्ती केली. गोऱ्या स्त्रीवर हात पडला की सगळ्या समाजाकडून किंमत वसूल करायची, ही रीत मेरिकच्या आधी पंच्याऐंशी वर्षं चालत आलेली होती. त्याचा वैयक्तिक डूख त्या रीतीत चपखल बसतो. पुढे उलट सूडही सुरू होतो. मेरिकच्या दारात सायकल टाकली जाते, तो जाईल तिथे बीबीघरची आठवण त्याच्यापुढे उभी केली जाते आणि शेवटी मिरत या काल्पनिक संस्थानात त्याचा खून होतो.

सलमान रश्दींनी १९८४ मध्येच या मालिकेवर कडाडून टीका केली. भारत-ब्रिटन संबंधांचं रूपक बलात्कारच असेल, तर बळी हिंदी स्त्री आणि गुन्हेगार इंग्रज असायला हवा होता, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. टोळक्यातल्या माणसांना चेहरे नाहीत, हेही खरं. तिसऱ्या भागानंतर हरि जवळजवळ पडद्याआड जातो आणि पुढचा बराचसा वेळ लेटन या इंग्रज लष्करी कुटुंबाच्या बायकांचा होतो. पेगी अ‍ॅशक्रॉफ्टची बार्बी, ती निवृत्त मिशनरी शिक्षिका, अप्रतिम आहे, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं पुढे काय झालं, हे शोधायला शेवटी त्याच्याच शाळेतला गाय पेरॉन त्याच्या घरी जातो, तेव्हा तो भेटतही नाही.

फाळणीच्या गाडीतला प्रसंग पाहताना ही मर्यादा लख्ख दिसते. दंगेखोर गाडी अडवतात, इंग्रजांसोबत प्रवास करणारा मुसलमान तरुण अहमद कासिम डब्यातल्या इतरांना वाचवण्यासाठी स्वतःहून खाली उतरतो आणि मारला जातो. कॅमेरा मात्र पहिल्या वर्गाच्या डब्यात, इंग्रज प्रवाशांबरोबर बसलेला आहे. या मालिकेत डिसूझाची छोटी भूमिका करणाऱ्या ओम पुरींना चारच वर्षांनी दूरदर्शनवर गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये नत्थूची मुख्य भूमिका मिळाली. तिथे फाळणीची झळ आधी नत्थूच्या झोपडीत शिरते, आणि कॅमेरा त्या झोपडीत त्याच्याबरोबर जमिनीवर बसतो.