दीर्घपाठाचा अधिकार : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विस्तारित आवृत्त्या आणि प्रेक्षकमत

एकाच कृतीचे दोन पाठ हाती आले असता त्यांपैकी प्रमाण कोणता मानावयाचा, हा प्रश्न भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. लघुपाठ आणि दीर्घपाठ, मूळ आणि प्रक्षेप ह्या कल्पनांशी त्याचा परिचय जुना आहे. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र हा प्रश्न फार उशिरा उपस्थित झाला. चित्रपट एकदा पडद्यावर आला की तो तेवढाच, अशी समजूत दीर्घकाळ होती. चित्रपट घरी पाहण्याची सोय झाल्यावर ती समजूत ढळली आणि एकाच चित्रपटाचे निरनिराळे पाठ बाजारात मिळू लागले. ‘ब्लेड रनर’ हा १९८२ चा चित्रपट १९९२ मध्ये एका रूपात आणि २००७ मध्ये आणखी एका रूपात पुन्हा अवतरला, हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु पाठभेदाचा वाद सामान्य प्रेक्षकांमध्ये जेवढ्या तपशिलाने आणि जेवढ्या जिव्हाळ्याने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या अद्भुतकथेच्या चित्रत्रयीविषयी झाला, तेवढा अन्य चित्रपटांविषयी क्वचितच झाला असेल.

प्रथम वस्तुस्थिती. जे. आर. आर. टॉल्किन ह्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडचा दिग्दर्शक पीटर जॅक्सन ह्याने तिच्यावर आधारलेले तीन चित्रपट डिसेंबर २००१, डिसेंबर २००२ आणि डिसेंबर २००३ मध्ये प्रदर्शित केले. त्यांची लांबी अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटे होती. प्रत्येक चित्रपटानंतर सुमारे वर्षभराने त्याची विस्तारित आवृत्ती डीव्हीडीच्या रूपाने घरगुती प्रेक्षकांसाठी निघाली. तिच्यातील लांबी अनुक्रमे २०८, २२३ आणि २५१ मिनिटांपर्यंत गेली. विस्तारासाठी हॉवर्ड शोअरने नवे पार्श्वसंगीत रचले. म्हणजे वगळलेली चित्रफीत पुरवणी म्हणून जोडलेली नव्हती, तर ती कथेच्या अंगात विणून घेतली होती. तीनही भाग सलग पाहावयाचे तर अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. तथापि जॅक्सनने ह्या आवृत्त्यांना ‘दिग्दर्शकाचा पाठ’ असे नाव दिले नाही, ‘विस्तारित’ एवढेच म्हटले. निर्मात्याने राखलेला हा संयम प्रेक्षकांनी राखला नाही. त्यांच्यातील फार मोठ्या वर्गाने विस्तारित पाठ हाच खरा पाठ मानला, आणि चित्रगृहातील पाठ हा त्यांच्या लेखी संक्षेप ठरला.

विरुद्ध मत अर्थातच आहे. विस्ताराने गती मंदावते, पहिल्यांदा पाहणाऱ्याने चित्रगृहातील पाठच पाहावा, जे कापले गेले ते बहुधा योग्य कारणाने कापले गेले, असे म्हणणारे प्रेक्षक थोडे नाहीत. पहिल्या भागाची साधी डीव्हीडी ऑगस्ट २००२ मध्ये आणि विस्तारित आवृत्ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निघाल्यामुळे एकाच वस्तूसाठी दोनदा पैसे मोजावे लागले, ही तक्रारही रास्त होती. परंतु ह्या मतांत अभ्यासकाला गुंतवून ठेवील असे फारसे नाही. विस्ताराचा आग्रह धरणाऱ्यांची विचारपद्धती अधिक बोधक आहे. चित्रपटाचे दोन पाठ समोर ठेवून ते त्यांची परस्परांशी तुलना करीत नाहीत. दोहोंच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या संहितेशी, म्हणजे कादंबरीशी, ते दोन्ही पाठ ताडून पाहतात. त्यामुळे त्यांना विस्तारात नवी भर दिसत नाही. हरवलेले परत मिळाले, असे वाटते.

पहिल्या भागातील लोथलोरिएनच्या निरोपाचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. चित्रगृहातील पाठात गॅलॅड्रिएल ही एल्फ-राज्ञी फ्रोडोला प्रकाशाची कुपी देते, एवढेच ठसते. विस्तारित पाठात अन्य सहप्रवाशांनाही भेटी मिळतात आणि गिम्ली हा ड्वॉर्फ वीर राज्ञीच्या मस्तकावरील एक केस मागतो व तीन केस पावतो. कथानकाच्या दृष्टीने ह्या प्रसंगावाचून काही अडत नाही. परंतु टॉल्किनच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये निघालेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ ह्या संग्रहाचा वाचक हे जाणतो की, फेआनोर ह्या थोर एल्फ कारागिराने हीच याचना केली असता तिने ती नाकारली होती. एका उद्धटाला जे मिळाले नाही ते एका ओबडधोबड पण नम्र याचकाला तिप्पट मिळाले. चित्रपट ह्यातील एक अक्षरही सांगत नाही. प्रेक्षक आपल्या वाचनाच्या बळावर ते भरून काढतो, आणि म्हणूनच काही क्षणांचा तो प्रसंग त्याला मोलाचा वाटतो.

दुसऱ्या भागातील फारामिरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. कादंबरीत हा सेनानी मोहाची मुद्रिका हाताशी आली असता तिचा लोभ धरीत नाही आणि फ्रोडोला सन्मानाने निरोप देतो. चित्रपटात तो फ्रोडोला बंदी करून ओसगिलियाथपर्यंत नेतो. कादंबरीच्या वाचकांना हा बदल मानहानीसारखा लागला. विस्तारित पाठात जॅक्सनने एक पूर्वप्रसंग घातला आहे. ओसगिलियाथ परत जिंकल्यानंतर पिता डेनेथोर ज्येष्ठ पुत्र बोरोमिर ह्याचे कौतुक करतो, धाकट्याचा पाणउतारा करतो, आणि मुद्रिका आणण्याची कामगिरी ज्येष्ठावर सोपवितो. हा प्रसंग पाहिल्यावर अनेक प्रेक्षकांचे फारामिरविषयीचे मत पालटले. पित्याच्या प्रेमाला पारखा झालेला पुत्र मुद्रिका घेऊन जाऊ पाहतो, हे त्यांना समजले. मात्र येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. फारामिरची कृती दोन्ही पाठांत तीच आहे. बदलले आहे ते तिचे कारण. शिवाय हा पूर्वप्रसंग कादंबरीत अशा रूपात नाहीच. म्हणजे ज्याला प्रेक्षकांनी मुळाकडे परत जाणे मानले, ते वस्तुतः मुळापासून घेतलेल्या फारकतीचे समर्थन होते. भाष्यकाराने मूळ वचनाला मुरड घालावी आणि वाचकाने त्या भाष्यालाच मूळ समजावे, असा हा प्रकार आहे.

तिसऱ्या भागातील सारुमानच्या मृत्यूविषयीही असेच म्हणता येईल. कादंबरीत ह्या दुष्ट मांत्रिकाचा अंत अगदी शेवटी, हॉबिटांच्या शायरमध्ये, ग्रीमा ह्या त्याच्याच सेवकाच्या हातून होतो. चित्रपटाने शायरच्या विध्वंसाचा तो सबंध भाग गाळला. परिणामी सारुमानला मरण्यासाठी जागाच उरली नाही. २००३ च्या पाठात तो मनोऱ्यात कोंडलेला आहे एवढीच वार्ता मिळते. ही भूमिका करणारे ज्येष्ठ नट क्रिस्टोफर ली ह्यांनी आपली नाराजी उघडपणे व्यक्त केली आणि प्रेक्षकांनीही ती उचलून धरली. डिसेंबर २००४ मधील विस्तारित पाठात ऑर्थँकच्या माथ्यावर ग्रीमा त्याला पाठीत भोसकतो. स्थळ आणि वेळ दोन्ही कादंबरीहून भिन्न आहेत, मारेकरी तेवढा तोच आहे. पण प्रेक्षकांचे समाधान झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ह्या भागाला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली होती. ती अर्थात सारुमानला वाऱ्यावर सोडणाऱ्या पाठाला मिळाली होती.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून प्रेक्षक प्रत्येक भरीचे स्वागतच करतो, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. तिसऱ्या भागातील दोन प्रसंगांवर विस्ताराच्या कट्टर पुरस्कर्त्यांनीही कठोर टीका केली आहे. पहिला प्रसंग गॅन्डाल्फ आणि विच-किंग ह्यांच्या समोरासमोर येण्याचा. कादंबरीत मिनास तिरिथच्या भग्न महाद्वारात गॅन्डाल्फ एकटा त्या सेनापतीची वाट अडवून उभा राहतो. कोंबडा आरवतो, रोहनची रणशिंगे ऐकू येतात आणि शत्रू माघारी वळतो. कोणाचे सामर्थ्य अधिक, हे लेखकाने सांगितलेले नाही. विस्तारित पाठात विच-किंग गॅन्डाल्फचा दंड मोडतो आणि त्याला घोड्यावरून खाली पाडतो. लेखकाने हेतुतः अनिर्णित ठेवलेल्या प्रश्नाचा चित्रपटाने निकाल लावून टाकला, आणि तोही चुकीच्या बाजूने, हा प्रेक्षकांचा आक्षेप केवळ कट्टरपणाचा नाही. ते वाङ्मयीन मर्म जाणणारे मत आहे.

दुसरा प्रसंग भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल. काळ्या महाद्वारापाशी सॉरॉनचा दूत बाहेर येतो, फ्रोडोचा अंगत्राण दाखवून तो बंदिवान असल्याचे सुचवितो आणि राजांची विटंबना करतो. कादंबरीत अ‍ॅरागॉर्न केवळ त्याच्या नजरेला नजर भिडवितो. तेवढ्यानेच तो दूत कचरतो आणि दूत ह्या नात्याने आपण अवध्य असल्याचे सांगून संरक्षण मागतो. ते त्याला मिळतेही. विस्तारित चित्रपटात अ‍ॅरागॉर्न त्याचा शिरच्छेद करतो. रामायणाच्या सुंदरकांडात हनुमंताचा वध करावयास निघालेल्या रावणाला बिभीषण दूतधर्माची आठवण देतो आणि रावणदेखील ते मानतो. जी मर्यादा लंकाधिपतीने पाळली ती मध्यभूमीच्या भावी सम्राटाने मोडावी, हे सुंदरकांड जाणणाऱ्या श्रोत्याला रुचणे कठीण. सुंदरकांड न वाचलेल्या पाश्चात्त्य प्रेक्षकांनाही ते रुचले नाही, हे विशेष. फ्रोडो मेला असे वाटून अ‍ॅरागॉर्नचा तोल सुटला, हे समर्थन काहींनी केले. ते मानसशास्त्रदृष्ट्या खरे असेलही, परंतु महाकाव्याच्या नायकाला ते पुरत नाही.

ह्या विवेकाची तुलना महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या स्वागताशी करता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये मूळ पर्वांपुरते पूर्ण झालेले हे कार्य ज्या भूमिकेवर उभे आहे, तीत दीर्घता ही संशयास्पद असते. उत्तरेकडील व दक्षिणेकडील हस्तलिखितांत ज्याला सामाईक आधार नाही ते तळटीपांत किंवा परिशिष्टात जाते. व्यासांचा लेखक म्हणून गणेशाची कथा अशीच परिशिष्टात गेली आणि सभापर्वात द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ पाठातून निघाला. संशोधनाचा हा निर्णय विद्वानांनी स्वीकारला. कथाकीर्तनातील श्रोत्याने तो स्वीकारला नाही, कारण धाव्यावाचून वस्त्रहरणाचा प्रसंग त्याच्या मनात पूर्णच होत नाही. चित्रत्रयीचा प्रेक्षक ह्या श्रोत्याचा सहोदर आहे. त्याचा ‘पूर्ण’ पाठ हस्तलिखितांनी ठरत नाही, अपेक्षेने ठरतो. फरक असा की, येथे मूळ संहिता छापील आणि निर्विवाद असल्यामुळे त्याची अपेक्षा ताडून पाहता येते. आणि ताडून पाहता ती कधी मुळाला धरून असते, तर कधी फारामिरच्या प्रकरणाप्रमाणे केवळ स्वतःच्या समाधानाला.

स्वतः टॉल्किन पाठभेदांना घाबरणारा नव्हता. १९३७ च्या ‘द हॉबिट’मधील गोल्लमचे प्रकरण त्याने १९५१ च्या आवृत्तीत बदलले आणि जुना पाठ ही बिल्बोने केलेली बतावणी होती, असे कथेतच सांगून टाकले.

विस्तारित पाठ घरी पाहिला जातो, ह्या साध्या गोष्टीचाही मतांवर परिणाम झाला आहे. प्रत्येक भाग दोन तबकड्यांत विभागलेला होता. पहिल्या भागाची पहिली तबकडी एल्रॉंडच्या सभेपाशी संपते. चित्रगृहात प्रेक्षक चित्रपटाच्या वेळेला बांधलेला असतो. घरी तो पोथीच्या वाचकासारखा अध्याय संपवून उठू शकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसू शकतो. ‘गती मंद’ हा आक्षेप ह्या वाचकाला फारसा पोहोचतच नाही. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये : ह्या आवृत्त्यांच्या अखेरच्या श्रेयनामावलीत अधिकृत चाहतामंडळाच्या सभासदांची नावे मिनिटेच्या मिनिटे सरकत राहतात. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव येत असे. येथे पाहणाऱ्याचे आले.

‘द हॉबिट’वरील जॅक्सनच्या दुसऱ्या चित्रत्रयीच्या बाबतीत (२०१२ ते २०१४) हेच प्रेक्षक वेगळ्या रीतीने वागले. तिच्याही विस्तारित आवृत्त्या २०१३ ते २०१५ ह्या काळात निघाल्या, परंतु पूर्वीचा उत्साह दिसला नाही. मुलांसाठी लिहिलेले एक आटोपशीर पुस्तक तीन चित्रपटांत ताणले गेले होते. परत मिळविण्यासारखे काही गाळलेलेच नव्हते. उलट टॉरिएलसारखी पात्रे नव्याने निर्माण केली होती. तेव्हा काही प्रेक्षकांनी उलटा मार्ग धरला. कादंबरीत नसलेले प्रसंग कापून त्यांनी तिन्ही भागांचा एकच चित्रपट आपल्या घरी तयार केला. अशा संक्षेपांच्या निरनिराळ्या प्रती पुढे हातोहाती फिरल्या, आणि त्यांतील कोणती कादंबरीला अधिक जवळची, ह्याविषयीही त्यांच्यात मतभेद झाले.