हाताचे काम, डोक्याचे काम

अंगमेहनत करणारे आणि डोक्याने काम करणारे अशी माणसांची विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की, पगाराच्या वाटाघाटीतही ती गृहीत धरली जाते. तेव्हा ज्या डोक्याच्या नावाने हा भेद केला जातो, त्याच्या आत आहे तरी काय, हे आपण एकदा पाहिले पाहिजे.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो. म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु माणूस स्वस्थ बसला असता शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याचे ठळक भाग तीन. मानेकडे मेंदूचा देठ. श्वास, हृदयाचे ठोके ही क्षणभरही न थांबणारी कामे त्याच्याकडे. त्याच्या मागे लहान मेंदू. तोल आणि हालचालींचा मेळ तो राखतो. या दोहोंवर अक्रोडाच्या गरासारखा, दोन गोलार्धांचा मोठा मेंदू. पाहणे, बोलणे, विचार करणे हे मुख्यतः त्याच्या घड्या पडलेल्या सालीत चालते.

माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड रुग्णाला जागे ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करीत, कारण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. विजेच्या सौम्य स्पर्शाने कोठे कोणता अवयव हलतो, हे त्यांनी टिपले व १९३७ साली प्रसिद्ध केले. त्यात काय दिसले? साऱ्या धडाला जागा थोडी. हाताची बोटे, ओठ आणि जीभ यांना मात्र ऐसपैस. कसब जेथे, तेथे जागा मोठी.

आता लेथवर उभा असलेला टर्नर पाहा. डोळा खूण पाहतो, मोठा मेंदू पुढची पायरी ठरवतो, हाताला हुकूम सुटतो, लहान मेंदू चूक सुधारतो आणि बोटांना जाणवलेला थरथराट लगेच वर कळवला जातो. यात हाताचे काम कोठे संपले आणि डोक्याचे कोठे सुरू झाले? २००९ सालच्या मोजणीनुसार मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत!

‘वय झालेल्या कामगाराला नवे यंत्र काय शिकवणार?’ हा प्रश्न आम्ही वाटाघाटीत पुष्कळदा ऐकला आहे. त्याचे उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिले आहे. परवान्यासाठी त्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्या उमेदवारांची शिक्षणाआधी व नंतर तपासणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जे परीक्षा उतरले त्यांच्या मेंदूत, वाटा ध्यानात ठेवणाऱ्या भागात, वाढ झाली होती. आणि ही सारी प्रौढ माणसे होती.

म्हणून नवे यंत्र आले की कामगाराला काढण्याआधी त्याला शिकवा, ही आमची मागणी दयेची नव्हे. शिकण्याचे साधन त्याच्याजवळ आहे. हवा आहे तो वेळ, विसावा आणि शिकवणारा.