म्हातारचळ आणि डॉक्टरांचा वर्ग

‘म्हातारचळ’ हा आपल्याकडचा जुना शब्द. आजी मध्यरात्री कपाट उचकते, सुनेवर चोरीचा आळ घेते, जेवत नाही, बोलत नाही. सगळं त्या एका शब्दात बसतं. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यामागे निदान तीन वेगळे आजार असू शकतात. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. नैराश्य काही आठवड्यांत दिसू लागतं आणि उपचारांनी बरं होऊ शकतं. डिलिरियम म्हणजे काही तासांत किंवा दिवसांत उद्भवणारा संभ्रम. त्याच्या मुळाशी लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं घटलेलं सोडियम किंवा एखादं औषध असतं, आणि दुर्लक्ष झालं तर तो जिवावर बेततो. शिवाय हे तिन्ही एकाच माणसात एकत्र नांदू शकतात.

एका अंदाजानुसार देशात लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ होते, म्हणजे पुरता एकही नाही. त्यामुळे ही आजी आधी पोचते ती तालुक्याच्या डॉक्टरकडे. मग त्याला कोण शिकवणार?

याचं एक उत्तर अमेरिकेत, न्यू मेक्सिकोमध्ये सापडलं, तेही यकृताच्या आजारावर. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. रुग्णाने शहरात यायचं नाही. गावातल्या डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी पडद्यावर जमायचं, आपापला रुग्ण नाव न सांगता मांडायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याचा विचार करायचा. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिपॅटायटिस सी बरा होण्याचं प्रमाण विद्यापीठात ५७.५ टक्के, तर या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के होतं. पुढे रोचेस्टर विद्यापीठाने वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी, तर बंगळूरच्या निम्हान्सने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी ही पद्धत उचलली.

वृद्ध-मानसोपचाराला ती विशेष जुळते, असं मला वाटतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना अँटिसायकोटिक गोळ्या दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला. तो व्याख्यानात ऐकता येतो. पण दारात मुलगा उभा असतो : ‘डॉक्टर, रात्रभर कुणी झोपलं नाही, काहीतरी द्या.’ अशा वेळी गटातला दुसरा डॉक्टर विचारतो, ‘गोळी आजीसाठी की घरच्यांच्या झोपेसाठी?’ तिसरा विचारतो, ‘हल्ली सर्दीची गोळी सुरू केली का? पोट साफ होतं का? चष्मा, कानाचं यंत्र लावतात का?’ जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्यांनी म्हातारपणी बुद्धी गढुळते, हे पुस्तकात असतंच. विचारायचं सुचतं ते मात्र ज्याने असा रुग्ण पाहिलेला असतो त्याला.

हुरळून जाण्याचं मात्र कारण नाही. हिपॅटायटिस बरा झाला की नाही, हे रक्ततपासणी सांगते. इथे तशी तपासणी नाही, म्हणून मग बऱ्याचदा डॉक्टरांचा आत्मविश्वास किती वाढला तेवढंच मोजलं जातं. मला हे मोजमाप फसवं वाटतं. अशा रुग्णात थोडी शंकाच जास्त उपयोगी. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावे लागतात, आणि कॅमेरा बंद ठेवूनही हजेरी लागू शकते. त्यापेक्षा महिन्याभराने त्याच गटात विचारावं : त्या आजीच्या किती गोळ्या बंद झाल्या, आणि ती आता रात्री झोपते का?