विम्बल्डनवरचा सट्टा: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूनअखेर विम्बल्डन सुरू झाले की टेनिसप्रेमींच्या गप्पांत एक प्रश्न हळूच शिरतो: कोणाचा भाव काय चाललाय? ब्रिटनमध्ये १९६१ पासून सट्ट्याची परवानाधारक दुकाने आहेत आणि या स्पर्धेवर पैसे लावणे तिथे कायदेशीर आहे. आपल्याकडे तोच सट्टा परदेशी ॲप, टेलिग्रामचे गट आणि ओळखीचे बुकी यांच्यामार्फत पोहोचतो. खेळाची उत्तम जाण असलेली, एरवी हिशेबी असलेली माणसेही त्यात अडकतात, कारण त्यामागच्या समजुती वरवर अगदी तर्काला धरून वाटतात. म्हणूनच त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज १: ज्याला टेनिस कळते, तो सट्ट्यात कमावतो.

वस्तुस्थिती: भाव ठरवणाऱ्यांनाही टेनिस कळते. गवतावरची कामगिरी, सर्व्हिसची आकडेवारी, दुखापती, आधीच्या लढतींचे निकाल हे सारे भावात आधीच धरलेले असते. शिवाय सट्टा कंपनी आपला हिस्सा भावातच राखून ठेवते. समजा, दोन तुल्यबळ खेळाडूंना प्रत्येकी १.९० असा भाव आहे. म्हणजे शंभर रुपये लावून जिंकलात, तर मुद्दलासह १९० हाती येतात. दोघांनी दोन बाजूंना शंभर-शंभर लावले, तर जमा २०० आणि वाटप १९०. निकाल काहीही लागो, दहा रुपये कंपनीचे. या भावात नुसते बरोबरीत राहायचे तरी शंभरातले जवळपास ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. आणि एखाद्याला ते सातत्याने साधलेच, तर अनेक कंपन्या त्याला लावता येणारी रक्कमच मर्यादित करून टाकतात.

गैरसमज २: अव्वल खेळाडूवर लावलेला पैसा सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती: टेनिसमध्ये जय आणि पराजय यांतले अंतर दिसते त्यापेक्षा फार कमी असते. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातल्या भाषणात स्वतःचाच हिशेब मांडला होता: कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी सुमारे ८० टक्के त्याने जिंकले, पण गुण जिंकले फक्त ५४ टक्के. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात त्याने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. दोन चॅम्पियनशिप पॉइंटही फेडररच्या हाती होते. करंडक मात्र जोकोविचने उचलला.

विजेतेपदाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. १२८ खेळाडूंच्या स्पर्धेत सलग सात सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी सातही जिंकण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपासच राहते. २०१२ मध्ये नदाल दुसऱ्याच फेरीत जागतिक क्रमवारीत शंभराव्या स्थानावर असलेल्या लुकास रोसोलकडून हरला. २०२३ मध्ये मार्केटा वोंद्रुसोवाने मानांकन नसताना महिला एकेरी जिंकली.

गैरसमज ३: चार-पाच सोपे सामने एकत्र जोडले की थोड्या पैशांत मोठी कमाई होते.

वस्तुस्थिती: सामने जोडले की कंपनीचा हिस्साही वाढत जातो. वरच्यासारखे १.९० भावाचे पाच सामने जोडले आणि पाचही अंदाज खरे ठरले, तर शंभराचे २,४७६ रुपये मिळतात. शक्यतेच्या हिशेबाने मिळायला हवेत ३,२००. एका सामन्यात पाच टक्के असलेली कपात इथे जवळपास २३ टक्क्यांवर जाते. जाहिरातींत अशा जोडपैजांचा एवढा गाजावाजा का असतो, ते या आकड्यांतच दिसते.

गैरसमज ४: सामना डोळ्यांसमोर चालू असताना लावलेली पैज जास्त खात्रीची.

वस्तुस्थिती: तुमच्या डोळ्यांसमोर असतो तो काही सेकंदांपूर्वीचा सामना. पंच आपल्या उपकरणावर गुण नोंदवतात, तीच नोंद अधिकृत माहिती म्हणून सट्टा कंपन्यांकडे जाते आणि भाव त्या क्षणी बदलतो. घरातल्या पडद्यावर तो गुण त्यानंतर दिसतो, मोबाइलवर आणखी उशिरा. कंपनी तुमची पैज स्वीकारण्यापूर्वी थोडा वेळ राखूनही ठेवते. या काही सेकंदांची किंमत इतकी मोठी आहे, की प्रेक्षकांत बसून बाहेर गुण कळवणाऱ्यांना स्पर्धांतून हुसकावले जाते. गुण मुद्दाम उशिरा नोंदवल्याबद्दल काही पंचांवरही कारवाई झाली आहे. घरबसल्या खेळणारा या शर्यतीत सगळ्यांच्या मागे असतो.

गैरसमज ५: खेळाडूने सामना अर्धवट सोडला, तर पैसे परत मिळतात.

वस्तुस्थिती: ते त्या-त्या कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते. कुठे सामना पूर्ण झाला नाही तर पैज रद्द होते, कुठे पहिला सेट संपला की ती ग्राह्य धरतात, तर कुठे पहिला चेंडू पडला की पुरे. एकाच सामन्यावर, एकाच खेळाडूवर दोन ठिकाणी लावलेल्या पैजांचा निकाल त्यामुळे वेगवेगळा लागू शकतो. परवाना नसलेल्या ॲपवर हे नियम तरी कोण तपासणार?

गैरसमज ६: सामने ठरलेलेच असतात, फक्त आतली खबर मिळायला हवी.

वस्तुस्थिती: सामनानिश्चिती हा टेनिसमधला खरा आणि गंभीर रोग आहे, पण त्याचे मुख्य ठिकाण विम्बल्डनचे सेंटर कोर्ट नाही. २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोट इथे डाविडेंको आणि वासालो अर्ग्वेयो यांच्या सामन्यावर संशयास्पद रकमा लागल्या आणि बेटफेअर या सट्टा कंपनीने सगळ्या पैजा रद्द केल्या. २००८ मध्ये पुरुष टेनिसची संघटना असलेल्या एटीपीच्या चौकशीत दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले. त्याच वर्षी टेनिसने स्वतंत्र सचोटी पथक उभारले. त्याची जागा २०२१ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेने घेतली आहे.

ॲडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने टेनिसमधल्या सचोटीवर २०१८ मध्ये अहवाल दिला. सर्वाधिक धोका तळच्या स्पर्धांत, हा त्याचा निष्कर्ष होता. संपूर्ण स्पर्धेचे बक्षीस १५ हजार डॉलर असेल, तर सुरुवातीलाच हरणाऱ्याचा प्रवासखर्चही सुटत नाही, आणि तरीही त्याच्या प्रत्येक गुणावर जगभरातून पैसे लागत असतात. म्हणूनच या स्तरावरच्या सामन्यांची थेट गुणमाहिती सट्ट्यासाठी विकणे थांबवा, अशी शिफारस समितीने केली होती. टेलिग्रामवर ‘फिक्स मॅच’ विकणाऱ्याकडे खरी खबर असती, तर त्याला तुमच्या हजार रुपयांची गरज पडली नसती.

गैरसमज ७: तिकडे कायदेशीर आहे, वर इथे कर भरला, म्हणजे सगळे नियमात बसते.

वस्तुस्थिती: दुसऱ्या देशातला परवाना भारतात चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण महाराष्ट्रात १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे जिंकलेली रक्कम बुडवली तर न्यायालयात ती वसूल करता येत नाही. सट्ट्याच्या मिळकतीवर ३० टक्के आयकर लागतो. कर लागतो म्हणून व्यवहार कायदेशीर ठरत नाही, कारण अवैध मिळकतही करपात्र असते.

जिंकणाऱ्यांच्या कथा खऱ्याही असतात. एका इंग्रज गृहस्थाने २००३ मध्ये, फेडरर २०१९ पर्यंत सात वेळा विम्बल्डन जिंकेल, यावर ६६ ला १ या भावाने १,५२० पौंड लावले. २००९ मध्ये मृत्यू झाला तेव्हा ती पैज त्याने मृत्युपत्राने ऑक्सफॅम या संस्थेला दिली होती. २०१२ मध्ये फेडररने सातवे विजेतेपद मिळवले आणि संस्थेला १,०१,८४० पौंड मिळाले. ही गोष्ट जगभर छापून आली, कारण असे क्वचित घडते. हरणाऱ्यांची बातमी होत नाही. ती घराघरांत कर्जाच्या रूपाने राहते.

गेलेले पैसे पुढच्या सामन्यात भरून काढू, हा विचार मनात आला की तिथेच थांबा. पुढच्या सामन्याला मागच्या नुकसानीशी काही देणेघेणे नसते. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. घरातले कोणी यात अडकले असेल, तर त्याला दोष देत बसण्याआधी हा क्रमांक लावून द्या.