पेसमेकरनंतरची धाप : मूळ कारणाचा शोध

स्वरूप
पेसमेकर हृदयाची गती फार मंदावू देत नाही. स्नायूची ताकद मात्र तो वाढवत नाही. त्यामुळे उपकरण बिनचूक चालू असतानाही धाप, पायांवर सूज, उताणे झोपल्यावर गुदमरणे ही हार्ट फेल्युअरची लक्षणे उद्भवू शकतात.

पेसमेकरचा वाटा
एरवी विद्युत्-संदेश वाहक तंतूंमधून दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. उजव्या निलयाच्या टोकाशी बसवलेल्या तारेतला संदेश मात्र स्नायूतून सावकाश पसरतो आणि डावी बाजू उशिरा आकुंचन पावते. एकूण ठोक्यांपैकी 20 टक्क्यांहून अधिक ठोके असे पडत असतील, तर काही रुग्णांत डावे निलय हळूहळू दुबळे होते.

इतर कारणे
हृदयरोहिणीतील अडथळा, झडपांचे विकार, उच्च रक्तदाब, अनियमित ठोके किंवा तारेमुळे गळणारी त्रिदल झडप यांचाही विचार करावा लागतो. सारकॉइडोसिस किंवा क्षयरोग आधी वाहक तंतूंना आणि नंतर स्नायूला ग्रासू शकतो. अशा वेळी पेसमेकर लावावा लागणे हेच मूळ आजाराचे पहिले चिन्ह असते.

तपासाचा क्रम
ईसीजीत पेसमेकरच्या ठोक्याआधी बारीक उभी रेघ आणि मागोमाग रुंद लहर दिसते. प्रोग्रामर यंत्राने पेसिंगची टक्केवारी आणि अनियमित ठोक्यांची नोंद वाचता येते. इकोतून पंपाची क्षमता कळते. गरजेनुसार अँजिओग्राफी, रक्ततपासणी, एमआरआय किंवा पेट स्कॅन केले जाते.

जुन्या नोंदी
पंपाची क्षमता आधीपेक्षा किमान 10 अंकांनी उतरून 50 टक्क्यांखाली आली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर दोष पेसिंगकडे जातो. म्हणून पेसमेकर बसवण्यापूर्वीचा इको महत्त्वाचा. उदाहरणार्थ, बाळापूरच्या एखाद्या रुग्णाचा इको अकोल्यात आणि शस्त्रक्रिया नागपुरात झाली असेल, तर दोन्हीकडचे कागद आणि पेसमेकरचे कार्ड एकाच फाइलमध्ये असल्याशिवाय ही तुलना जमत नाही.

उपचार
रोहिणीतला अडथळा मोकळा करता येतो. सारकॉइडोसिसला स्टेरॉइड, क्षयाला क्षयरोगाची औषधे लागतात. दोष पेसिंगचा असल्यास अनावश्यक पेसिंग कमी करतात, डाव्या निलयासाठी वेगळी तार जोडतात किंवा थेट वाहक तंतूंना संदेश देतात. या शेवटच्या पद्धतीचा, म्हणजे कायमस्वरूपी हिस-बंडल पेसिंगचा, पहिला अनुभव अमेरिकेतील डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केला.

मर्यादा
जुन्या तारा असल्यास एमआरआय कठीण होतो आणि प्रोग्रामर त्या-त्या कंपनीचाच लागतो. एकाच रुग्णात दोन कारणेही असतात. मग पेसिंग बदलल्यावर क्षमता किती सुधारते, यावरूनच पेसिंगचा वाटा ठरतो.