ठिपके दिले म्हणजे यादी झाली?

समजा, निमगाव सावा ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची नोटीस लावायची आहे. पाणीपट्टी, शाळेचे छत आणि जुन्नर भागात कोणत्याही सभेत निघणारा बिबट्याचा विषय. मजकूर टाइप होतो, ओळींपुढे काळे ठिपके पडतात आणि नोटीस तयार झाली असे मानले जाते.

गैरसमज: इंग्रजी यादीची पद्धत मराठीत जशीच्या तशी चालते.
वस्तुस्थिती: अडचण क्रियापदाची आहे. इंग्रजीत ते आधीच येऊन जाते, मग खाली नुसती नावे लिहिली तरी भागते. मराठीत ते शेवटी येते. इंग्रजी मसुद्यावरून उतरवलेल्या पत्रकात ‘ग्रामस्थांनी’ एवढाच शब्द वर राहतो, खाली पाच मुद्दे आणि सगळ्यांच्या तळाशी एकटेच ‘आवश्यक आहे’. तिथे पोचेपर्यंत वाचणारा कर्ता विसरलेला असतो. म्हणून वरचे वाक्य आधी पुरे करावे, ‘सभेत पुढील विषयांवर निर्णय होईल :’ असे, आणि मग मुद्दे द्यावेत.

मुद्द्यांची घडणही सारखी हवी. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, ‘थकीत पाणीपट्टीची वसुली करणे’ आणि मध्येच ‘शाळेचे छत गळते’ असे आले, तर तिसरी ओळ विषय न राहता तक्रार होते. सभेने तिचे करायचे काय? ‘छताच्या दुरुस्तीस मंजुरी देणे’ म्हटले की ठराव कशावर घ्यायचा ते कळते. आपल्या जुन्या विषयपत्रिकांना ही ‘-णे’ची शिस्त चांगली साधलेली आहे. शेवटचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ तेवढा ती मोडतो, पण त्याला कोण अडवणार!

गैरसमज: प्रत्येक मुद्द्यानंतर स्वल्पविराम किंवा अर्धविराम हवाच.
वस्तुस्थिती: ही कायद्याच्या मसुद्याची सवय. तिथे सगळी यादी मिळून एकच वाक्य असते आणि शेवटच्या दोन खंडांमधल्या ‘आणि’ किंवा ‘किंवा’वर अर्थ ठरतो. नोटिशीत मुद्दा पूर्ण वाक्य असेल तर पूर्णविराम द्यावा. तुटक असेल तर काहीच नको. कागदपत्रांच्या यादीत मात्र ‘यांपैकी कोणतेही एक’ की ‘ही सर्व’, ते वरच सांगावे. हे न सांगितल्याने लोकांना हेलपाटे पडतात.

देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, म्हणून नवा मुद्दा कुठे सुरू झाला ते पहिल्या अक्षरावरून कळत नाही. मुद्दा दोन ओळींचा झाला तर दुसरी ओळ ठिपक्याखाली न आणता मजकुराखाली आणावी.

गैरसमज: शुद्धलेखनाच्या नियमांत हे सगळे ठरलेले आहे.
वस्तुस्थिती: साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही किरकोळ लेखनरूपांचे आहेत. यादीच्या शेवटी काय द्यावे, हे त्यांत नाही. एक पद्धत निवडावी आणि कागदभर तीच पाळावी.

गैरसमज: ठिपका काय, आकडा काय, एकच.
वस्तुस्थिती: इतिवृत्तात ‘विषय क्र. ४’ लिहिता येते, ‘चौथा ठिपका’ कोणी लिहीत नाही. ज्याचा पुढे उल्लेख होणार, त्याला आकडाच हवा.

अक्षरे द्यायची झाली तर जास्त जपावे. शाळेत आपण अ, ब, क, ड शिकतो. कायद्यांच्या मराठी पाठात (क), (ख), (ग), (घ) असतात. म्हणजे ‘क’ एकीकडे तिसरा, दुसरीकडे पहिला. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबींचे कलम कुठे ४(१)(ख), तर कुठे ४(१)(ब) असे लिहिलेले दिसते. तिथे निदान घोटाळा होत नाही. पण अ-ब-क-डच्या सवयीने कोणी अर्जात ४(१)(क) लिहिले, तर त्याला हवे असते महत्त्वाची धोरणे आखताना प्रसिद्ध करायच्या माहितीचे कलम आणि मराठी प्रतीत निघते अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे. ग्रामपंचायतीच्या नोटिशीला १, २, ३ पुरतात. पोटमुद्दे लागलेच तर ४.१, ४.२.