हृदयविकार आणि बाळंतपण : एका खोलीची गोष्ट

"पोटुशी बाईला धाप लागायचीच," असे खांदा कॉलनीतल्या शेजारणीने मला सातव्या महिन्यात सांगितले. एका दवाखान्यानेही तेच सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. मी शिक्षिका, तरीही दोन आठवडे ते खरे मानून बसले. आडवे झाले की श्वास कोंडायचा. भिंतीला टेकून रात्री काढल्या. ही साधी धाप नव्हती.

माझा आजार लहानपणीचा आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो. दाटीच्या वस्तीत एकाच्या घशातले जंतू दुसऱ्याकडे सहज जातात. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा सुजतो. वेळीच औषध मिळाले नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात, बरेही होतात. पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून साधारण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. प्रत्येक इंजेक्शनासाठी आईचा एक रोज बुडे. दोन वर्षांनी ते सुटले. याला लोक नशीब म्हणतात. मी म्हणत नाही.

माझी मायट्रल झडप अरुंद झाली आहे. गरोदरपणात अंगातले रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि ठोकेही वाढतात. ठोके वाढले की अरुंद झडपेतून रक्त पुढे जायला वेळ पुरत नाही. ते मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी साचते. म्हणून आडवे झोपता येत नाही.

हृदयविकार आहे म्हणून प्रत्येकीला सिझर करावे लागते, हा समज चुकीचा आहे. पुष्कळ जणींचे बाळंतपण देखरेखीखाली नैसर्गिकरीत्या होऊ शकते. माझे बाळ आडवे होते म्हणून शस्त्रक्रिया ठरली. तिची तयारी मात्र शेवटच्या दिवशी होत नाही. हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको आधीच करून घ्यावा. जुने सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत. हृदयाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्त आणि अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी असलेले रुग्णालय आधी ठरवावे. कळा सुरू झाल्यावर पनवेलहून मुंबईची लोकल पकडण्याची वेळ येऊ नये. भूलतज्ज्ञाला आपण होऊन आजार सांगावा, कारण अशा झडपेत रक्तदाब एकदम उतरणे घातक असते आणि सलाईनही मोजूनच द्यावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बदलायची हे डॉक्टरच ठरवतील. स्वतः बंद करू नये.

आणि बाळ रडले म्हणजे धोका टळला असे नाही. गर्भाशय आकसते तेव्हा तिथले रक्त एकदम हृदयाकडे परत येते. पहिले एक-दोन दिवस फार जपावे लागते. मला त्या रात्री पुन्हा धाप लागली. परिचारिका जागी होती म्हणून आज मी लिहिते आहे.

सन २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे मांडले होते. माझ्या आईसारख्या धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत ती पगारी विश्रांती अजून पोचलेली नाही.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. गरोदर बाई भेटली की विचारा : "ताई, रात्री आडवे झोपता येते का?" ती "नाही" म्हणाली तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात घेऊन जा.